आकडे गाळून वाचताना

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ ही १९३६ सालची कथा मी बरीच वर्षे तौलनिक साहित्याच्या तासाला शिकवत आलो आहे. मॅकोम्बरचे भ्याडपण, मार्गोचा तुच्छतेने भरलेला संसार, विल्सन या शिकाऱ्याची नीती, आणि शेवटी मार्गोने झाडलेली गोळी हेतुपुरस्सर होती की चुकून लागली हा परीक्षकांचा लाडका प्रश्न, या साऱ्याची ठरलेली टिपणे माझ्यापाशी आहेत. कथेत जागोजागी येणारे आकडे मात्र मी वर्गात सरळ गाळून वाचत असे. ‘थर्टी-ऑट-सिक्स’, ‘दोनशेवीस ग्रेन’, ‘सहा पॉइंट पाच मॅनलिकर’ हे काही साहित्य नव्हे, अशी माझी समजूत होती. ‘बंदूक’ म्हटले की भागत असे.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाला आहे आणि आता तिकडचाच नागरिक आहे. शेजाऱ्याच्या संगतीने त्याला हरणाच्या शिकारीची ओढ लागली होती, त्यासाठी सक्तीचे असलेले प्रशिक्षणही त्याने पुरे केले होते. पत्रात लिहिले होते, “सर, नवी रायफल घ्यायची आहे. कोणत्या कॅलिबरची घ्यावी यावर इथले लोक तासन्‌तास भांडतात. तुम्ही शिकवलेल्या त्या कथेत कोणती होती हो?” मला उत्तर देता आले नाही. जी कथा मी पाठ असल्याच्या थाटात शिकवत होतो, तिच्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या वस्तूचे नाव मला ठाऊक नव्हते.

शिकारीविषयीचा माझा आक्षेप मी त्याला आधी कळवला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे असे मी मानतो. त्याचे उत्तर शांत होते. तिकडच्या जंगलांतून लांडगे केव्हाच नाहीसे झाले. पांढऱ्या शेपटीची हरणे वाढली की कोवळी रोपे उरत नाहीत आणि जंगल नव्याने उगवत नाही. ऑल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’मध्ये हेच दुखणे मांडले आहे. शिवाय, “दुकानातले मांस मी खातोच की, सर,” असे त्याने लिहिले होते. त्यावर मी काही बोललो नाही. शिकार करावी की नाही हा वाद इथे सोडतो. करायचीच असेल तर कशाने, हा प्रश्न मला पुढे अधिक गंभीर वाटू लागला.

मी वाचायला बसलो आणि पहिला धक्का भाषेचाच बसला. रायफलींचे आकडे मोजमाप सांगतात असे आपण समजतो, पण ती बहुतांशी नावे आहेत. ‘.२७० विंचेस्टर’च्या गोळीचा खरा व्यास .२७७ इंच. ‘.३०-०६’मधले ‘०६’ म्हणजे १९०६ हे साल. ‘.३०-३०’मधले दुसरे ‘तीस’ म्हणजे मूळ काडतुसातल्या दारूचे ग्रेनमधले वजन. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, तिचे ‘.२७५ रिग्बी’ हे काडतूस म्हणजे जर्मनांचे ७ बाय ५७ माउझरच, केवळ इंग्रजी नावाने वावरणारे. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरच्या नावाने फळ्यावर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार?

दुसरी गोष्ट जॅक ओ’कॉनर यांची. हे गृहस्थ मुळात आपल्याच व्यवसायातले. इंग्रजी आणि पत्रकारिता शिकवणारे अ‍ॅरिझोनातले प्राध्यापक, दोन कादंबऱ्यांचे लेखक. पुढे ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकात ते अनेक दशके बंदुकांवर लिहीत राहिले. १९२५ साली आलेल्या .२७० या काडतुसाची कीर्ती बऱ्याच अंशी त्यांच्या लेखणीने घडवली. त्यांच्या विरुद्ध बाजूला एल्मर कीथ हे मोठ्या व्यासाच्या जड गोळीचे कैवारी. हा वाद अमेरिकेत कित्येक वर्षे रंगला. एका वाङ्मयीन माणसाच्या गद्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांनी आपली रायफल निवडली, याची नोंद साहित्याच्या कोणत्या इतिहासात होणार? तांत्रिक लेखन म्हणून आपण ते बाजूला सारतो.

या वादाचे सार आता मला असे दिसते. हरणाच्या पुढच्या खांद्यामागे हृदय आणि फुफ्फुसे असतात. ती जागा साधारण जेवणाच्या ताटाएवढी. तिथे गोळी बसली तर हरिण बहुधा काही क्षणांत कोसळते. ती मागे सरकून पोटात बसली तर ते रानात शिरते आणि तासन्‌तास तडफडते. म्हणजे कोणती रायफल, या प्रश्नाचे खरे रूप ‘माझ्या हाताने त्या ताटात गोळी नेमकी कोणती रायफल बसवू शकेल’ असे आहे. ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’सारख्या दांडग्या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का सोसवत नसेल, तर माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो आणि गोळी भरकटते. जास्त ताकदीने कमी कौशल्य भरून निघत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत हरिण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसते. तिथे १८९५ सालचे .३०-३०देखील पुरते. १९५५चे .२४३ नवशिक्याच्या खांद्याला सोपे, आणि २००७मध्ये आलेले ६.५ क्रीडमूरही तसेच मवाळ. दुकानदार अंतराच्या बढाया विकतो. शिकाऱ्याने मात्र कोणत्या अंतरापलीकडे आपण गोळी झाडणार नाही, हे रायफल घेण्याआधीच ठरवायला हवे.

व्यासाइतकीच महत्त्वाची असते ती गोळीची जात. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात शिरून पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. कलकत्त्याजवळच्या दमदमवरून ‘डमडम’ हे नाव पडलेल्या त्याच या गोळ्या. उलट इंग्लंड आणि वेल्समधला १९९१चा हरणांविषयीचा कायदा पसरणारी गोळीच वापरायला सांगतो. रायफलीचा व्यास .२४० इंचाहून कमी नसावा, अशीही त्याची अट आहे. फक्त मुंटजॅकसारख्या लहान जातींसाठी ती पुढे सैल केली गेली. माणसासाठी जी गोळी क्रूर ठरली तीच हरणासाठी दयेची, कारण हरणाला जखमी करून सोडायचे नसते, चटकन मारायचे असते. ज्याला आपण कोरडा तपशील म्हणतो त्यात केवढा नैतिक विचार दडलेला आहे, हे पाहून मी थक्क झालो.

हे वाचून मग मी मॅकोम्बरकडे परतलो. सिंहाला सामोरे जाण्यापूर्वी तो रायफल उघडून पाहतो. आत पूर्ण धातूचे आवरण असलेल्या, म्हणजे न पसरणाऱ्या गोळ्या असतात. सर्वसाधारणपणे हत्ती किंवा रानरेड्यासारख्या जाड कातड्याच्या जनावरांसाठी वापरतात तशा. तो रायफल पुन्हा बंद करतो. लेखक कसलेही भाष्य करत नाही. त्यानंतर कथन अचानक सिंहाच्या जाणिवेत शिरते आणि पोटातून फाडत गेलेल्या त्या गोळीचे कॅलिबर, तिचे दोनशेवीस ग्रेन हे वजन, हे सारे आपल्याला सिंहाच्या वेदनेच्या वाक्यातच सांगितले जाते. सिंहाला ग्रेन कुठून कळणार? तो आकडा वाचकासाठी आहे. ही यातना कुणाच्या हातून, कोणत्या निवडीमुळे घडली, याचा तो पुरावा आहे. मी नेमका तोच पुरावा वर्षानुवर्षे वर्गात गाळत होतो आणि वर भ्याडपणा या विषयावर टिपणे देत होतो.

आपली परंपरा याबाबत माझ्याइतकी बेफिकीर नाही. शब्दवेधी बाण हे दशरथाचे केवढे कौशल्य! पण लक्ष्य डोळ्यांनी न पाहता केवळ आवाजावर सोडलेला तो बाण श्रावणबाळाचा जीव घेऊन गेला. तिकडच्या प्रशिक्षणात आजही लक्ष्य आणि लक्ष्यामागे काय आहे ते नीट ओळखल्याशिवाय चापाला बोट लावू नका असे शिकवतात. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात तपस्वी आडवे येतात आणि दुष्यंत धनुष्यावर चढवलेला बाण उतरवतो. शस्त्र कोणते, कुठून, केव्हा, आणि ते कधी आवरायचे, हे आपल्या कवींनी कथानकाच्या मर्मस्थानी ठेवले आहे.

म्हणून अनुवादकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. ठासणीची, बारा बोअरची, छऱ्याची आणि रायफल या सगळ्यांना सरसकट ‘बंदूक’ करून टाकू नका. कॅलिबरचा आकडा वाचकाला अडखळवतो हे खरे, पण त्या जागी त्याने अडखळणेच योग्य आहे. शंका आली तर एखाद्या जाणकाराला विचारावे. त्यात मास्तरकीला कमीपणा नाही. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले.

त्याने शेवटी ६.५ क्रीडमूर घेतली. मार्गोच्या हातातली मॅनलिकरही ६.५चीच होती, हे मी त्याला आवर्जून कळवले. पहिल्या हंगामात गोळी झाडायची वेळच आली नाही. गेल्या वर्षी मात्र त्याचे पत्र आले. सत्तर यार्ड, १४० ग्रेनची पसरणारी गोळी, खांद्यामागे, हरिण वीसेक पावले गेले आणि पडले. पुढे एकच ओळ होती. त्याच्याजवळ जाऊन बसल्यावर मला बराच वेळ उठवेना, सर. शिकारीविषयीचे माझे मत अजूनही बदललेले नाही. पण ते आकडे मी दोनदा वाचले, आणि या सत्रात मॅकोम्बरचा सिंह शिकवताना एकही आकडा गाळणार नाही.