नटाचे माप एक, बोल्टचे दुसरे



जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे येतात. इथल्या कॉलेजांत बीसीए किंवा कॉम्प्युटरची बीएस्सी करणारी मुलं-मुली आता आपल्याही घरांत आहेत. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टची वेळ येते आणि घरात ताण सुरू होतो. पोरगी रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेली असते, स्क्रीनवर लाल ओळी दिसतात. अम्मीला वाटते, हिला जमत नाही. काही दिवसांनी पोरीलाही तसेच वाटू लागते. पुष्कळदा दोघींचाही समज चुकीचा असतो. तिचा प्रोग्रॅम बरोबर असतो. बिघाड बाहेरून आणलेल्या सामानात असतो.

कोणीही प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. इतरांनी तयार केलेले भाग आणून जोडतो. या भागांना लायब्ररी म्हणतात. प्रत्येक लायब्ररीच्या आवृत्त्या निघत राहतात, २.१.३ अशा आकड्यांनी. बहुतेक ठिकाणी रिवाज असा की शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, आणि पहिला वाढला तर सावध व्हायचे, कारण जुने काम मोडू शकते.

केळीच्या मळ्यात मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारा. इंचाच्या मापाचा नट मिलिमीटरच्या बोल्टवर एक-दोन फेरे फिरतो, मग अडतो. जोर लावला तर आटे मरतात. दोन्ही वस्तू चांगल्या असतात, माप मात्र वेगळे असते.

जून २०२४ मध्ये हेच घडले. पायथन भाषेत गणितासाठी सर्रास वापरली जाणारी नमपाय लायब्ररी २.० झाली. २००६ नंतर प्रथमच पहिला आकडा बदलला होता. जुन्या १.क्ष आवृत्तीवर कंपाइल केलेले इतर भाग नव्या नमपायबरोबर चालेनात. उपाय दोनच होते: नमपाय दोनच्या खालचे ठेवा, नाहीतर ते भाग नव्याने कंपाइल झालेले आणा.

दुसरे उदाहरण आपल्या दोन्ही लिप्यांचे आहे. मोबाइलवर उर्दूची नस्तालीक अक्षरे नीट जोडली जातात, मराठीची जोडाक्षरे नीट दिसतात, त्यामागे हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी ती घडवली. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळीकडे ती आहे. तिच्या जोडीला अक्षराचा आकार काढणारी फ्रीटाइप लायब्ररी असते. दोन्ही मुळापासून कंपाइल करताना गंमत होते. पूर्ण सोयींसह करायचे तर हार्फबझला फ्रीटाइप हवी आणि फ्रीटाइपला हार्फबझ. कोंबडी आधी की अंडे? तोड अशी की आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय करायची, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप, या वेळी हार्फबझसह. गुंता क्रम बदलून सुटतो, ताकदीने सुटत नाही.

प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी एवढे करावे. लाल ओळी शंभर असल्या तरी आधी पहिली वाचावी, कारण बाकीच्या बहुधा तिच्यामुळेच येतात. कोणता भाग कोणती आवृत्ती मागतो ते वहीत लिहावे. दोघांनाही चालेल अशी आवृत्ती आहे का, ते पाहावे. सी भाषेत हेडर फाइल एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची तर नाही ना, हे तपासावे. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी खोली द्यावी. पायथनमध्ये तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. एका वेळी एकच बदल करावा. चालले की सगळ्या आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये जपावी, म्हणजे परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तोच संच बसवता येतो. आणि कुठल्याही अनोळखी साइटवरून सुटी डीएलएल फाइल उतरवू नये. तिच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो.

मात्र चालते म्हणून जुन्यालाच कायम धरून बसणेही बरे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत मोठे भगदाड सापडले. त्याच महिन्यात २.१५, २.१६, २.१७ अशा दुरुस्त्या लागोपाठ काढाव्या लागल्या. कितीतरी लोकांना तर ती आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे हेच माहीत नव्हते. दुसऱ्या लायब्ररीच्या मागोमाग ती आत आली होती. लोकांची माहिती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणाचा कोणता भाग आहे हे ठाऊक असणे, हीसुद्धा अमानत आहे.

अब्बा-अम्मींना एकच विनंती. प्रोजेक्ट अडलेला दिसला की "तुझ्याने होणार नाही, सोडून दे," असे म्हणू नका. विशेषतः मुलींना. चार दिवसांच्या अशा अडचणीवरून एखादीचे शिक्षण थांबले, तर नुकसान आयुष्यभराचे होते. त्याऐवजी विचारा, "बेटा, कोणता भाग कोणाशी जुळत नाही?" ती समजावून सांगू लागली की अर्धे उत्तर तिचे तिलाच सापडेल. बाकीचे सब्र आणि वहीतली यादी मिळवून देईल, इन्शाअल्लाह.