मऊ की आणखी मऊ?

पावसाळा ओसरला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू होते आणि तिच्यासोबत बुटांच्या दुकानांतली गर्दीही वाढते. गेल्या काही वर्षांत या दुकानांच्या फळ्यांवरचे चित्र पार बदलले आहे. पूर्वी धावण्याचे बूट चपटे, हलके आणि साधे दिसत. आता त्यांचे तळ इतके जाड झाले आहेत की पायाखाली पावाची लादी बांधल्यासारखे वाटावे.

या फळीसमोर उभे असलेले गिऱ्हाईकही आता ओळखीचे झाले आहे. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी बैठी, वजन हवे त्याहून आठ-दहा किलो जास्त. रक्तातली साखर काठावर आल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि सोसायटीतल्या मंडळींच्या नादाने चालण्याचे धावणे झाले. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. विक्रेत्याने दोन जोड समोर ठेवले आहेत : होकाचा बाँडाय ९ आणि ॲसिक्सचा जेल-निंबस २७. सप्टेंबर २०२५ मध्ये २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. पण या दोन्ही जोडांच्या किमती त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहेत. एवढे पैसे मोजणाऱ्याचा प्रश्न साधा असतो : यातला जास्त मऊ कोणता? म्हणजे गुडघा वाचेल.

या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे. बूट जितका मऊ, तितका हादरा कमी आणि हादरा जितका कमी, तितकी दुखापत कमी, हे ते गृहीतक. ते तर्काला पटते. मात्र पंधरा वर्षांपूर्वी याच्या नेमके उलटेही लोकांना तितकेच पटले होते. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडुगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आले. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या डॅनिएल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की सवयीने अनवाणी धावणारे बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर आदळल्याने बसणारा पहिला झटका त्यांना फारसा बसत नाही. त्यावरून पातळ, हातमोज्यासारखी बोटे असलेल्या बुटांची लाट आली. तिच्या अग्रभागी असलेल्या व्हायब्रम कंपनीला आरोग्यविषयक दाव्यांवरून ग्राहकांनी कोर्टात खेचले आणि २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड झाली. विशेष म्हणजे फ्रान्समधल्या आन्सी इथे होकाचा जन्म झाला तोही २००९ मध्येच. डोंगरउतारावर धावणाऱ्यांसाठी काढलेला तो जाडजूड बूट तेव्हा चेष्टेचा विषय होता. आज त्याचीच चलती आहे.

मऊपणाचे गणित सरळ का नाही, हे घरी गादीवर उडी मारून पाहिले तरी समजते. फरशीवर उतरताना गुडघे आपोआप वाकतात. गादीवर उतरताना शरीर तितकी काळजी घेत नाही. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट बल परत येते आणि खाली काय आहे हे जोखून मेंदू पायाचा ताठरपणा ठरवत असतो. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १२ धावपटूंना होकाचा जाड बूट आणि दुसऱ्या कंपनीचा नेहमीचा बूट असे दोन्ही घालून धावायला लावले. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला जाड बुटात पाय अधिक ताठ राहिला आणि टाचेचा झटका कमी होण्याऐवजी वाढला. बारा जणांवरून बूट फेकून द्यायचे कारण नाही आणि हा वेग आपल्या पन्नाशीतल्या गिऱ्हाइकाचा नव्हे. पण जाड फोम हादरा गिळून टाकतो, ही जाहिरातीतली समजूत मात्र तिथे डळमळते.

मग मऊ बुटाचा काहीच उपयोग नाही का? तर आहे. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना बाहेरून सारखेच दिसणारे, पण काही मऊ आणि काही कडक तळाचे बूट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटण्यात आले. कोणाला कोणता मिळाला हे धावणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत कडक बूटवाल्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास या विषयातल्या भक्कम अभ्यासांपैकी एक आहे. पण त्यातला उपनिष्कर्ष दुकानात कोणी सांगत नाही. मऊपणाचा स्पष्ट फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या धावपटूंत. वजनदार मंडळींत तो तितका ठामपणे दिसला नाही. ‘वजन जास्त आहे, तुम्हाला जास्त कुशनच हवे’ हे विक्रेत्याचे वाक्य इथे अडखळते. शिवाय त्या अभ्यासातले बूट नेहमीच्या जाडीचे होते, आजच्या चार सेंटिमीटर तळाचे नव्हते.

आता समोरचे दोन जोड. दोन्हींच्या टाचेखालचा तळ जवळजवळ सारखाच, ४३ मिलिमीटरच्या आसपास आहे. शर्यतीचे नियम करणारी जागतिक ॲथलेटिक्स संघटना रस्त्यावरच्या स्पर्धांत ४० मिलिमीटरपर्यंतच तळ चालू देते. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिल्या आलेल्या डेरारा हुरिसाला तळ ५ सेंटिमीटरचा निघाल्यामुळे बाद ठरवले गेले होते. हौशी धावपटूला या नियमाची चिंता करायची गरज नाही. सांगायचे एवढेच की दोन्ही बूट मऊपणाच्या वरच्या टोकाला आहेत; त्यांच्यात अधिक मऊ कोण, हे शोधून फार काही हाती लागत नाही.

फरक आहे तो टाच आणि चवडा यांच्या उंचीत, ज्याला बाजारात ‘ड्रॉप’ म्हणतात. बाँडायमध्ये टाच चवड्यापेक्षा सुमारे ५ मिलिमीटर उंच आहे, निंबसमध्ये ८. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ओझे कुठे जाते ते यावर बरेचसे ठरते. टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागचा जाड कंडरा जास्त ताणला जातो. टाच वर गेली की त्यांना आराम मिळतो, पण गुडघ्याच्या वाटीवरचा भार वाढण्याकडे कल असतो. ओझे नाहीसे होत नाही, फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. ५५३ धावपटूंवरच्या २०१६ मधल्या अभ्यासात १०, ६ आणि शून्य मिलिमीटर फरकाचे बूट ताडून पाहिले, तेव्हा एकूण दुखापतींत फरक आढळला नाही. मात्र अधूनमधून धावणाऱ्यांना कमी फरकाचे बूट मानवले, तर नियमित धावणाऱ्यांना त्यांनीच जास्त त्रास दिला.

तेव्हा सकाळी पलंगावरून उतरताना ज्याची टाच मागून धरते, पहिली दहा पावले लंगडत पडतात, त्याने निंबसकडे वळावे. ज्याचे दुखणे जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे जाणवते आणि पोटऱ्या ठीक आहेत, त्याने बाँडाय घालून पाहायला हरकत नाही. पण आधीचे बूट ज्या फरकाचे होते आणि ज्यात काही दुखत नव्हते, त्याच्याजवळ राहणे हा तिसरा आणि बहुधा सर्वांत शहाणा पर्याय आहे. पन्नाशीतला कंडरा नवे ओझे हळूहळूच शिकतो.

बाँडायचा तळ पुढे होडीसारखा जास्त वळलेला आहे. त्यामुळे पाऊल पुढे लोटताना अंगठ्याच्या मुळाचा सांधा कमी वाकवावा लागतो. हा सांधा झिजून आखडलेल्यांना याने खरोखर बरे वाटते. दुसरीकडे, इतक्या उंच तळावरून खड्डा किंवा निसटलेला पेव्हर ब्लॉक पायाला उशिरा कळतो. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळलेला आहे त्यांनी एका पायावर अर्धा मिनिट उभे राहून पाहावे. बूट घालून तोल जास्त जात असेल तर तो बूट कितीही मऊ असला तरी आपला नाही.

मोठ्या दुकानांत हल्ली पावलाचा ठसा घेणारे यंत्र असते. तळव्याची कमान सपाट की उंच हे पाहून ते बूट सुचवते. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन यांच्या हजारो नवशिक्या सैनिकांवर हीच पद्धत वापरून पाहिली गेली. कमानीप्रमाणे बूट दिलेल्यांत आणि सरसकट एकच बूट दिलेल्यांत दुखापतींचा फरक नगण्य निघाला. यंत्रापेक्षा पाय बरा. संध्याकाळी, पाऊल थोडे सुजलेले असताना, धावायचेच मोजे घालून दोन्ही जोड घालावेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना ते पाहावे आणि दुकानदाराला संकोच न करता बाहेर पाच मिनिटे धावून यावे. ‘थोडे वापरले की सैल होतील’ या आश्वासनावर बूट घेऊ नयेत. काळी पडलेली नखे बहुधा त्यातूनच येतात.

दुखापतीचे मोठे कारण मात्र फळीवर नसतेच. डेन्मार्कच्या संशोधकांनी ५२०५ धावपटूंच्या मनगटी घड्याळांतल्या नोंदी तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० ते ३० टक्के जास्त अंतर एकाच दमात धावले की दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी वाढला. दुपटीहून जास्त धावले की तो दुपटीच्याही पुढे गेला. महिनाभर सहा किलोमीटरच्या वर न गेलेला माणूस रविवारी गटाच्या उत्साहात तेरा किलोमीटर धावतो, तेव्हा त्याच्या पायात कोणता बूट आहे हा प्रश्न बाजूला पडतो. उलट नवा मऊ बूट पाय ताजेतवाने ठेवून त्याला या तेरा किलोमीटरचा मोह घालू शकतो. नव्या जोडातली पहिली दोन-तीन आठवडे धाव नेहमीपेक्षा छोटी ठेवावी आणि जुना जोड लगेच टाकून न देता आलटूनपालटून वापरावा.

ज्यांची साखर काठ ओलांडून गेली आहे, त्यांच्यासाठी क्रम वेगळा आहे. मधुमेहात तळव्याची संवेदना इतकी हळू जाते की ती गेल्याचे कळत नाही. अशा पायाला बूट ‘आरामदायक’ वाटणे याला काहीच अर्थ नाही. टोचणारी शिवण किंवा आत शिरलेला खडा त्याला जाणवतच नाही. जाड आणि वळलेला तळ चवड्यावरचा दाब कमी करतो हे खरे, पण धावण्याचा बूट म्हणजे मधुमेहाच्या पायासाठी बनवलेले पादत्राण नव्हे. सरकारी रुग्णालयाच्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागात नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. दोन मिनिटांचे काम आहे, ते बूट घेण्याआधी उरकावे. धागा लागल्याचे ज्याला कळले नाही, त्याने बाँडाय आणि निंबस दोन्ही तूर्त फळीवरच ठेवावेत आणि रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहायला सुरुवात करावी.