ससा रोडावलाय? खुराक नंतर, आधी दात बघा

आज सोयाबीन नाही, तूर नाही, थेट ससा. हसू नका. नांदेड-लातूरकडं आता बऱ्याच घरात लेकरांनी पांढरे ससे पाळलेत. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला टोचतात, असा ससा दिसला की आपल्यातला शेतकरी जागा होतो आणि म्हणतो, "खुराक चालू करा." मग मूठभर सोयाबीन, भिजवलेली पेंड, गूळ, कुणी वाटीभर दूध. माझं स्पष्ट मत आहे, या खुराकानंच ससा लवकर जातो.

कारण साधं आहे. ससा म्हणजे छोटी शेळी नव्हे. तो रवंथ करत नाही. त्याचं पोट चालतं ते वाळल्या गवताच्या काडीवर. धान्य आणि गोड जास्त झालं की पोटात गॅस धरतो, आतडं थांबतं. कच्च्या सोयाबीनमध्ये तर प्रथिनं पचू न देणारा घटकच असतो, मग पोतंभर घातलं तरी अंगी काय लागणार? मोठ्या सशाला दूधही पचत नाही.

आधी बघायचं ते तोंड. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर वर्षाला 10 सेंमीच्या आसपास. चावायला चिवट गवत नसेल तर ते झिजत नाहीत, वाकडे होऊन गालात, जिभेत रुततात. हनुवटी ओली, लाळ गळते, खायला धावतो पण तोंडातलं टाकून देतो, ही दाताची लक्षणं. अशा वेळी घरच्या नेलकटरनं दात तोडू नका, उभा चिरतो. आपल्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा. कानात खपल्या, अंगाला खाज, पातळ हगवण असेल तरी डॉक्टरच. कुत्र्याचं गोचीडाचं औषध किंवा घरातलं उरलेलं अँटिबायोटिक सशाला जिवावर बेततं.

तोंड ठीक असेल तर मग चारा. ज्या हरळीला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या, ती इथं कामाची. वाळलेली हरळी, मारवेल, कडब्याचा वाळका पाला दिवसरात्र समोर पाहिजे. वजन वाढवायला रोज थोडा लसूणघास, पण तो आठ दिवसांत हळूहळू वाढवत न्या. सोबत थोडी कोथिंबीर, मेथी. कोवळी हिरवी ज्वारी नको, गुरांना जी लागते तीच यालाही लागते. सुबाभूळही नको, केस गळतात. आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत तर मुळीच नको. (गाजर चालतं, एखादा तुकडा. सिनेमातला ससा रोज गाजर खातो, त्याला काय जातंय.)

पहाटेच्या मऊ लेंड्या तो स्वतःच खातो, त्याला हाकलू नका. त्यातूनच त्याला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात.

आता उन्हाळा. 30 अंशाच्या वर ससा कासावीस होतो, आपल्याकडं मे महिन्यात 40 ओलांडतं. पत्र्याखालचा ससा खाणंच सोडतो आणि आपण म्हणतो रोड झाला. लिंबाखाली किंवा मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा, ओलं गोणपाट टांगा, पाणी सतत.

दर आठवड्याला एकाच वेळी काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन किलोच्या सशाचं 100 ग्रॅम घटलं म्हणजे 50 किलोच्या माणसाचं अडीच किलो घटलं. अर्धा दिवस खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर उद्यावर ढकलू नका. "एवढ्याशा सशाला दवाखाना?" असं लोक विचारतात. वासरू असतं तर विचारलं असतं का?

एक राहिलंच. काढणीत रानात सशाचं पिल्लू सापडलं तर घरी आणू नका. ते अनाथ नसतं, आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडला की पाजायला येते. शिवाय रानससा पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. यंत्राच्या वाटेतून उचलून जवळच्या बांधावर गवतात ठेवा आणि पुढचं तास धरा.