हौशी कारागीर आणि मोटारीतील गाणे

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मुद्दाम आम्हांस भेटावयास आले. चिरंजीवांविषयी त्यांची तक्रार होती. घरच्या जुन्या मोटारीतील टेप काढून तेथे नवे यंत्र, दारांत मोठे स्पीकर आणि आसनाखाली ॲम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बसविण्याचे वेड त्याने घेतले होते. अभ्यास मागे पडला, हात काळे झाले आणि गाडीच्या वायरी तीन दिवस बाहेर लोंबत राहिल्या. “सर, घरात तो कोणाचे ऐकत नाही; आपणच त्याला चार शब्द सांगा,” असे ते म्हणाले. आम्ही चार शब्द सांगितले. परंतु ते पिता-पुत्र दोघांसही सांगितले. तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहो. कारण हा प्रश्न आज एकाच घरचा राहिलेला नाही. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरी रेल्वे पोहोचावयास २०२५ साल उजाडावे लागले, त्या आपल्या बीड जिल्ह्यात प्रवास म्हणजे बहुधा सडकेचा प्रवास. आणि सडकेच्या प्रवासात गाण्याची सोबत कोणास नको आहे?

प्रथम पालकांस सांगावयाचे ते असे, की मुलाच्या हातातील पक्कड हिसकावून घेऊ नका. हाताने करावयाच्या कामाविषयी आपल्या समाजात एक जुनी नावड आहे. मुलाने विजेचे नियम पाठ म्हणून दाखविले तर आपणांस धन्यता वाटते. तेच नियम तो गाडीच्या बॅटरीवर ताडून पाहू लागला की ‘मेकॅनिक होणार आहेस काय?’ असा प्रश्न आपण करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील एका सायकलींच्या दुकानाने झाला आणि पुढे त्यातूनच लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती आले, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मात्र आपल्याच ओसरीवर कोणी सायकल उलटी करून बसला तर आपणांस ते खपत नाही. ही विसंगती आम्हांस मान्य नाही. पुस्तकातील विद्या हातात उतरली म्हणजेच ती आपली झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु हौस निराळी आणि खाज निराळी. हौशी मनुष्य ‘का?’ असे विचारतो. खाज सुटलेला मनुष्य ‘किती?’ एवढेच विचारतो. हा भेद आम्हांस कोणा ग्रंथाने शिकविला नाही. तो आमच्याच फजितीने शिकविला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्याजवळ एक जुनी मारुती ८०० होती. बीडच्या सुभाष रोडवरून आम्ही एक ॲम्प्लिफायर आणला आणि दुकानदाराने ‘बसवून देऊ काय?’ असे विचारले असता मोठ्या ऐटीने नाही म्हटले. घरी येऊन बॅटरीपासून एक वायर निघाली ती इंजिनामागील पत्र्याच्या भोकातून थेट आत नेली. वायर घरच्या दिव्याच्या वायरीइतकी बारीक होती. भोकास रबर लावले नव्हते. आणि फ्यूज तर मुळीच नव्हता. गाणे मोठे झाले, म्हणून आम्ही कृतार्थ झालो. दोन महिन्यांनी कुटुंबासह मांजरसुंब्याचा घाट चढत असता जळक्या रबराचा वास आला आणि पायांजवळून धूर निघू लागला. गाडी बाजूस घेतली, मुलांस खाली उतरविले, आणि थरथरत्या हातांनी बॅटरीची तार ओढून काढली तेव्हा कोठे धूर थांबला. पत्र्याच्या धारेने वायरीचे आवरण कापले होते व उघडी तार गाडीच्या अंगास टेकली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्या दिवशी चूक यंत्राची नव्हती, दुकानदाराची नव्हती. ती सर्वस्वी आमची होती. वर्गात आम्ही विजेचे गणित शिकवीत होतो. गाडीत मात्र ते विसरलो होतो.

ते गणित असे. वॉटास व्होल्टाने भागिले म्हणजे अँपियर निघतात. घरात २३० व्होल्टांवर चालणारे २४० वॉटांचे यंत्र एक अँपियरहून किंचितच अधिक प्रवाह घेते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची. तेथे तेवढ्याच वॉटांस २० अँपियर लागतात. आणि तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एकाच जाडीची वायर घरात जितकी तापेल, त्याच्या साडेतीनशे पटींहून अधिक उष्णता तीत गाडीमध्ये निर्माण होईल. ‘बारा व्होल्ट ते काय, शॉक तर बसत नाही’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की १२ व्होल्ट माणसास झटका देत नसले तरी गाडीस आग लावावयास पुरेसे आहेत. म्हणून वायर जाड हवी, पत्र्यातून जाताना तिला रबरी बुश हवा, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, हातभर अंतराच्या आत हवा. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी असतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः बॅटरीजवळचा फ्यूज वायरीचे रक्षण करितो. तो आत यंत्राजवळ लाविला तर बॅटरीपासून तेथपर्यंतची सर्व वायर अनाथ राहते.

हेच गणित आपले पैसेही वाचविते. बाजारात मिळणाऱ्या साध्या यंत्राच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे ठळक छापलेले असते. भोळा ग्राहक समजतो की आपणांस २०० वॉट मिळाले. त्याने यंत्र उलटे करून पाठीमागचा फ्यूज पाहावा. तो बहुधा १० किंवा १५ अँपियरचा असतो. इंजिन चालू असता सुमारे १४ व्होल्ट मिळतात असे धरले, तर १० अँपियरच्या फ्यूजमधून १४० वॉटच आत जातात. त्यांतलाही बराच भाग उष्णतेत खर्च होतो. जे आत गेलेच नाही ते बाहेर कोठून येणार? छापलेला आकडा हा क्षणभराच्या उसळीचा असतो. खोके काहीही बोलो, फ्यूज खोटे बोलत नाही. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलांनी वाढतो, आणि कानास तो दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दहापट करावी लागते. वॉटांमागे धावणाऱ्याचा खिसा याच कारणाने रिकामा होतो.

मग सुधारणा कशात आहे? बहुधा ती फुकट किंवा अल्प खर्चात होणाऱ्या गोष्टींत असते. स्पीकरच्या दोन टोकांपैकी एक धन व एक ऋण असते. एका बाजूचा स्पीकर चुकून उलटा जोडला गेला, तर एकाचा पडदा पुढे सरकत असता दुसऱ्याचा मागे सरकतो, आणि ढोलकीचा वा तबल्याच्या डग्ग्याचा खालचा नाद हवेतच परस्परांस खाऊन टाकतो. दीड व्होल्टाचा साधा सेल क्षणभर टेकवून पडदा बाहेर येतो की आत जातो, एवढे पाहिले की दोष उमगतो. तसेच दाराचे. स्पीकरच्या पुढून जसा नाद निघतो तसा पाठीमागूनही निघतो. दाराच्या आतील पत्र्याची भोके उघडी असली तर मागचा नाद पुढच्यास येऊन मिळतो व त्यास मारतो. ती भोके नीट बुजविली आणि थरथरणाऱ्या पत्र्यास जाड चिकट पट्टी लाविली, तर जुनेच स्पीकर नव्यासारखे बोलू लागतात. हजारो रुपये खर्चण्यापूर्वी एक दुपार खर्च करावी, हा आमचा हौशी मित्रांस पहिला उपदेश.

गाण्यात इंजिनाची शिटी मिसळणे ही आणखी एक नित्याची तक्रार. इंजिनाचा वेग वाढला की शिटीही चढते. हा रोग मोटारीतील गाण्याइतकाच जुना आहे. अमेरिकेतील शिकागो येथे पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ तयार केला व त्यास ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळच्या कारागिरांपुढची मोठी अडचण हीच होती, की इंजिनातील ठिणग्यांची खरखर रेडिओत शिरे. आज ठिणगीऐवजी बहुधा वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर शिटी घालतो. उपायास मात्र मोठे यंत्र लागत नाही. अर्थची तार रंगावर न बसविता रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घट्ट आवळावी, आणि गाण्याची बारीक वायर बॅटरीच्या जाड वायरीपासून दूर, शक्य तर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. धीर धरून एकेक जोड तपासणे हेच येथे खरे कौशल्य.

आता आमच्या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सर्व ज्ञान कशासाठी? नाद शुद्ध व्हावा म्हणून, की गावाने वळून पाहावे म्हणून? उसाच्या हंगामात आपल्या सडकांवरून दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस जातात. आणि कित्येकांच्या टपावर घरास हादरा देणारे कर्णे बांधलेले असतात. आपल्या शाळेतील काही मुलांचे आईवडील त्याच हंगामात कोयता घेऊन परमुलखी जातात. म्हणून त्या चालकांविषयी आम्ही कठोर शब्द लिहिणार नाही. थंडीत रात्र रात्र जागून गाडी हाकणाऱ्यास गाण्याची सोबत हवी, हे आम्ही पूर्णपणे जाणतो. परंतु सोबत ही कानापुरती असते. धारूरच्या अरुंद, वळणावळणाच्या घाटात मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ज्यास ऐकू येत नाही, त्याची सोबत गाणे करीत नाही. त्याच्या डोळ्यांवर नसली तरी कानांवर ते पट्टी बांधते. आणि जो मुलगा आज मोटारीत असे यंत्र बसवितो, तो उद्या त्याच वाटेने जाणार नाही, याची खात्री त्याने स्वतःच्या विवेकाकडूनच घ्यावयास हवी.

कायद्याचेही यावर बोलणे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांभोवतालचा १०० मीटरांचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आणि रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास सामान्यतः मनाई केली आहे. परंतु कायद्याहून कठोर असा एक नियम निसर्गाचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलांचा नाद दिवसास ८ तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलांस ती वेळ निम्मी होते. विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून पाहावा : १०० डेसिबलांस अवघी १५ मिनिटे उरतात. बंद काचांच्या मोटारीत हा आकडा गाठणे मुळीच कठीण नाही. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी नाद टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बिघडलेला स्पीकर बाजारात मिळतो. बिघडलेला कान बदलून मिळत नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, काम अवश्य करा. पण वडिलांस सांगून करा, लपून करू नका. गाडी चालविण्याचे तुमचे वय नसले तरी तिचे मर्म समजून घेण्याचे वय हेच आहे. वायरीस हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडा. नव्या गाड्यांत हवेच्या पिशव्यांच्या वायरी असतात. त्यांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. तिच्या वाटेस चुकूनही जाऊ नका. मूळ वायर कापण्यापेक्षा तयार कपलर वापरा, म्हणजे पुढे मागे पूर्वस्थितीवर येता येईल. कोठली वायर कोठे गेली याची आकृती वहीत काढून ठेवा. आणि जेथे समजत नाही तेथे जाणत्या कारागिराजवळ बसून शिका. त्यास ‘अहो मिस्त्री’ म्हणून मानाने हाक मारा. तोही एक गुरूच आहे. पालकांसही आमची विनंती आहे, की मुलगा काम करीत असता थोडा वेळ त्याच्या शेजारी बसावे. नको म्हणणाऱ्या बापापेक्षा विजेरी धरून उभा राहिलेला बाप मुलास अधिक आवरतो.

त्या तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांच्या गाडीत नुकताच बसण्याचा योग आला. चिरंजीवांनी जाड वायर टाकली होती, फ्यूज बॅटरीजवळ होता, आणि ॲम्प्लिफायर परत करून उरलेल्या पैशांत दारांची भोके बुजविली होती. गाणे हळू लागले होते. तरी तंबोऱ्याची प्रत्येक तार निराळी ऐकू येत होती, आणि आम्ही दोघे आवाज न चढविता बोलूही शकत होतो.

होरेब पर्वतावरील एलीया संदेष्ट्याची कथा आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकली आहे. सोसाट्याचा वारा सुटला, भूमी हादरली, अग्नी पेटला. परंतु ज्याची तो वाट पाहत होता तो त्यांत नव्हता. सर्व शांत झाल्यावर जो अगदी मंद स्वर आला, त्यात तो भेटला. मोटारीतील गाण्याच्या क्षुद्र विषयास एवढा थोर दाखला कशास, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मंद स्वर ऐकू येईल असे कान राखणे व असे हात घडविणे, याचसाठी तर शाळा आहे.