बिनहातच्याची रांगोळी

दिवाळीच्या अंकात गणित काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारीट वाढणे, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, विषय रांगोळीचाच आहे. आमच्या नव्या मुंबईत दोन ब्लॉकांच्या दारांपुढे मिळून हातभर जागा उरते. तरी तेवढ्यातही मुली एकापासून नवापर्यंत चढत आणि पुन्हा एकापर्यंत उतरत ठिपक्यांच्या ओळी घालतात. तेच आकडे सलग लिहा : १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग!

अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी 'डेम्लो' हे नाव दिले. डेम्लो हा कोणी फिरंगी पंडित नव्हे; ते जी. आय. पी. रेल्वेवरच्या स्थानकाचे, म्हणजे आपल्या डोंबिवलीचे, जुने नाव. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. जिथे आपल्याला बसायला जागा सुचत नाही, तिथे त्यांना संख्या सुचल्या!

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे हे उद्योग पोरखेळ आहेत, असे आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांना वाटे. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

आता या संख्येतले मर्म पाहा. गुणाकार मांडला की नऊ एकांच्या नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करताना उजवीकडून एक, दोन, तीन असे चढत मधल्या घरात नऊ येतात आणि मग उतरण लागते. कुठेही दहा भरत नाहीत, म्हणून हातचा नाही. हातचा नाही, म्हणून रांगोळी मोडत नाही. दहा एकांचा वर्ग करा. मधल्या घरात दहा होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गडप, मध्ये दोन पूज्ये!

आणखी एक गंमत. आपल्या मूळ संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. रांगोळीचे ठिपकेही तितकेच, नऊ नव्वे एक्क्याऐंशी. या ८१ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. असा नेमका शब्द सापडला की आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनाही हर्ष होतो.

"पण याला मार्क किती?" असे आईबाप विचारतील. रांगोळीला कधी मार्क मिळाले आहेत? या सुटीत मुलांना ११११ गुणिले ११११ कागदावर मांडायला सांगा. उत्तर मात्र आधी सांगू नका. आणि हातचा का आला नाही, हे त्यांचे त्यांना सापडेपर्यंत चकल्या खात स्वस्थ बसा.