मशीद बंदर व बेने इस्राएल

मुंबईच्या सहलीस गेलेले आपले विद्यार्थी राणीची बाग व समुद्र पाहून परततात. त्यांस मशीद स्टेशनाजवळील सॅम्युएल स्ट्रीटवरही न्यावे, आणि तेही एखाद्या माहीतगार बेने इस्राएल गृहस्थाबरोबर, असे आमचे मत आहे. स्टेशनाच्या नावातील ‘मशीद’ म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली स्थापिलेले यहुदी सभास्थान होय, हे नुसती पाटी वाचून कोणास कळणार? १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली. आज त्या पेठेत घाऊक व्यापाऱ्यांचीच गर्दी. सांगणारे थोडे उरले आहेत.

शास्त्राच्या तासाला यहुदी म्हणजे प्रभूचे विरोधक, एवढेच कित्येक मुलांच्या मनात ठसते. (हा दोष मुलांचा नव्हे.) पेणकर, रोहेकर अशा आडनावांचा, घरी मराठी बोलणारा यहुदी त्यांनी एकदा प्रत्यक्ष पाहावा. त्याचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळीत, आणि शब्बाथ पाळून त्या दिवशी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. भंडाऱ्याकडील वडीलधाऱ्यांस घाणा म्हणजे काय, हे सांगावयास नको.

सहल ठरविताना पालकांनी एवढे पाहावे, की तो दिवस शनिवार नसावा.