स्टंपांमागचा बॉब टेलर

मॅच लागली की घरातल्यांचं लक्ष बॅट्समनकडे, माझं मात्र विकेटकीपरकडे. बिचाऱ्याच्या दिवसभर उठाबशा, आणि नाव निघतं ते कॅच सुटला की! स्वयंपाकाचंही तसंच नाही का? मीठ कमी पडलं तरच बोलतात.

इंग्लंडचा बॉब टेलर १९६१ ते १९८४ डर्बीशायर काउंटीचा कीपर होता. प्रथम श्रेणीत त्यानं स्टंपांमागे १,६४९ गडी टिपले. हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. पण देशाच्या संघात अ‍ॅलन नॉट, कारण तो बॅटिंगही उत्तम करायचा. १९७१ मधल्या एका कसोटीनंतर टेलरला दुसरी मिळाली ती १९७७ मध्ये, नॉट पॅकरच्या सामन्यांकडे गेल्यावर. लोक याला संयम म्हणतात. मला विचाराल तर हा अन्यायच. कीपर निवडताना आधी कीपिंग बघावं ना!

पुढे १९८० मध्ये आपल्या वानखेडेवर त्यानं एकाच कसोटीत दहा झेल घेतले. आपण हरलो, ते सोडा.

१९८६ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडचा कीपर जखमी झाला. निवृत्त टेलर तेव्हा तिथेच प्रायोजकांच्या पाहुण्यांची सरबराई करत होता. पंचेचाळिसाव्या वर्षी ग्लोव्हज चढवून तो पुन्हा स्टंपांमागे जाऊन बसला.